सरासरीत न मावणारा पाऊस

बेळगाव जिल्ह्याचा वार्षिक सरासरी पाऊस आठशे मिलिमीटरच्या आसपास, असं सरकारी पुस्तिकेत छापलेलं असतं. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, तिथं एका पावसाळ्यात तीन-चार हजार मिलिमीटर पाणी कोसळतं. त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अथणीच्या पूर्व भागात, पाचसहाशे मिलिमीटर पडला तरी लोक म्हणतात, यंदा बरा झाला. आठशेचा आकडा कणकुंबीचाही नाही आणि अथणीचाही नाही. आणि तरीही धान्याच्या कोठारापासून धरणाच्या दारापर्यंत सगळा हिशोब याच आकड्याभोवती फिरतो.

हवामान बदलाशी जुळवून घेण्याची जी धोरणं आपल्याकडे आली, ती याच सवयीतून आली आहेत. २००८ साली केंद्राचा राष्ट्रीय कृती आराखडा आला, त्यात आठ मोहिमा होत्या. मग राज्यांना आपापले आराखडे करायला सांगितलं गेलं. कर्नाटकानं केला, महाराष्ट्रानंही केला. हे आराखडे मी वाचले आहेत, आणि ते करणाऱ्यांच्या मेहनतीबद्दल मला आदर आहे. पण त्यांत जिल्हा हे सर्वांत लहान माप असतं. कुठला जिल्हा किती धोक्यात आहे ते नकाशावर रंगानं दाखवतात आणि बेळगावला एकच रंग मिळतो. शिवाय राज्याची हद्द संपली की नकाशाही संपतो. हद्दीपलीकडचा भाग कोरा. आम्ही सीमाभागातली माणसं त्या कोऱ्या जागेला अगदी चिकटून राहतो. आमचं पाणी तिथूनच येतं.

माझं माहेर निपाणी तालुक्यात वेदगंगेच्या काठी, सासर बेळगावच्या वडगावात. माहेरी तंबाखू होता, आता ऊस आहे. सासरी भात. दोन्हीकडे पाणी शिरतं, पण दोन्ही पाण्यांची जात वेगळी, आणि त्या दोन पाण्यांकडं बघायची सरकारची नजरही वेगळी. त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी वडगावचं सांगते. शहापूर, वडगाव, अनगोळ आणि येळ्ळूरचं शिवार म्हणजे बेळगाव बासमतीचं शिवार. काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन. फुलोऱ्यात बांधावरून चाललं तरी वास येतो. हा भात उंच वाढतो, उशिरा पिकतो आणि जोराच्या वाऱ्यापावसात लोळतो, म्हणून आता पुष्कळांनी इंद्रायणी हे दुसरं वाण धरलं आहे. या शिवारातून बळ्ळारी नाला जातो. पूर्वी तो शिवाराचं जादा पाणी ओढून न्यायचा. आता शहर वाढलं, माळ संपले, छपरांवर आणि काँक्रीटवर पडलेलं पाणी मुरायला जागाच उरली नाही. ते सगळं तासा-दोन तासांत नाल्यात येतं. त्यात सांडपाणी, त्यात जलपर्णी. जुलैत चार दिवस झड लागली की नाला फुगतो, बांध फुटतात आणि नुकतीच लावण झालेलं भात पाण्याखाली जातं. चार-पाच दिवसांत पाणी ओसरलं तर रोप वाचतं. आठ-दहा दिवस राहिलं की कुजतं.

यावर आमच्याकडं एक जुना उपाय आहे. माझ्या सासूबाई लावणीला लागतो त्याहून जास्त तरवा, म्हणजे लावणीसाठीची भाताची रोपं, टाकायच्या, आणि तोही खालच्या शेतात नाही, वरच्या बाजूला. पहिली लावण बुडाली तर दुसरी करता यावी म्हणून. भावकीत कुणाचा तरवा उरला असेल तर तो न मागता दिला जायचा. हवामान बदलाचं नावही कुणी ऐकलं नव्हतं तेव्हा हे चालत होतं, आणि मला वाटतं जुळवून घेणं ते याहून वेगळं काही नाही. फरक इतकाच की तेव्हा दुबार लावण क्वचित करावी लागायची. आता ती नेहमीची झाली आहे, वरची शेतं घरांखाली गेली आहेत, आणि तरवा ठेवायला जागा उरलेली नाही.

आता यात सरकार काय करू शकतं? पुष्कळ काही. पण सरकारची रचना पाहा. शहापूर, वडगाव, अनगोळ शहराच्या हद्दीत येतात. येळ्ळूर ग्रामपंचायतीत. नाला एकच. रोजगार हमीतून नाल्यातला गाळ काढायचा तर ते काम ग्रामीण हद्दीतच चालतं. वडगावच्या शेतकऱ्याच्या बांधापाशी आलं की थांबतं. शहराचा आराखडा रस्ते, गटारं, पथदिवे यांचा. त्यात भाताचं पीक ही बाबच नसते. शेती खात्याचं लक्ष रयत संपर्क केंद्रातल्या बियाणं-खतावर, नाला त्यांच्या अखत्यारीत नाही. प्रत्येक जण आपल्या जागी बरोबर असतो. एका कचेरीतल्या साहेबांनी आम्हाला बसवून घेतलं, चहा पाजला आणि मनापासून सांगितलं, "तुमचं म्हणणं खरं आहे, पण हा प्रश्न नेमका कुणाचा ते मलाच ठरवता येत नाही." मला त्यांचा राग आला नाही. नाल्याला आपलं म्हणणारं एकही खातं नाही, हेच त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

मग पीकविमा. इथं थोडं थांबून सांगते, कारण सरासरी माणसाचं नुकसान कसं करते ते इथं सर्वांत स्पष्ट दिसतं. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत मुख्य पिकांसाठी गाव किंवा ग्रामपंचायत हा एक घटक धरतात. गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या उत्पन्नाची सरासरी काढतात, तिला जोखीमस्तराने, म्हणजे उत्पन्नाच्या जितक्या टक्क्यांची हमी विमा देतो त्याने, गुणतात, आणि तो झाला उंबरठा. यंदाचं सरासरी उत्पन्न त्या उंबरठ्याखाली गेलं तरच सगळ्यांना भरपाई. आता एकाच घटकात वरची शेतं आणि नाल्याकाठची शेतं असतात. वरच्यांचं चांगलं पिकतं, खालच्यांचं कुजतं. सरासरी उंबरठ्याच्या वर राहते. ज्याचं गेलं त्याला काहीच मिळत नाही.

अशा वेळी एकट्या शेताचं नुकसान धरणारी एक तरतूद होती, स्थानिक आपत्तीची. गारपीट, भूस्खलन, शेत जलमय होणं. पण २०१८ साली भाताला त्यातल्या जलमय होण्याच्या कलमातून वगळलं. मुळात पाण्यात वाढणारं पीक, त्यात पाणी उभं राहिलं म्हणून नुकसान कसं ठरवायचं, असा विचार त्यामागं होता. ज्यांनी आठ दिवस गढूळ पाण्याखाली राहिलेलं रोप हातात धरलंय, त्यांना हा प्रश्न पडला नसता. रोपाचा गाभा बोटांत विरघळतो. शेवटी नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं जाहीर केलं की २०२६ च्या खरिपापासून भात जलमय होण्याचं संरक्षण परत मिळेल. पूरप्रवण राज्यांच्या यादीत कर्नाटकाचं नाव आहे. मला याचा खरोखर आनंद झाला. पण मधली सात-आठ वर्षं गेली, आणि नेमक्या त्याच वर्षांत २०१९ आणि २०२१ चे पूर येऊन गेले. आणि नुकसान ७२ तासांत ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसह कळवायचं आहे. बांधच दिसत नाही तिथं पोचायचं कसं, आणि शेत नावावर असलेले सासरे ऐंशीच्या पुढं, फोन नातवाच्या हातात आणि नातू पुण्यात नोकरीला, हा घरोघरचा प्रश्न आहे. कळवायची मुदत पाणी ओसरल्यापासून मोजावी, एवढी साधी दुरुस्ती आत्ताच, पहिल्याच हंगामाआधी करता येईल.

आता माहेरचं पाणी. वेदगंगा कोल्हापूर जिल्ह्यात उगम पावते, तिच्यावर भुदरगड तालुक्यात पाटगावचं धरण आहे. दूधगंगेवर काळम्मावाडी. वेदगंगा दूधगंगेत मिसळते आणि दूधगंगा पुढं कल्लोळ-यडूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे आमच्या गावच्या पुराचा निर्णय, जितका माणसाच्या हातात असतो तितका, दुसऱ्या राज्यात होतो. जत्राट-भिवशी, सिदनाळ-अक्कोळ, भोजवाडी-कुन्नूर, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड ही नावं दर जुलैत वर्तमानपत्रात एका ओळीत येतात, कारण हे सखल पूल आणि बंधारे एकापाठोपाठ पाण्याखाली जातात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बंगळूर वाहतूक थांबली, तेव्हा देशाला आमचा पूर दिसला. २०२१ च्या जुलैत पुन्हा तेच.

धरणातून पाणी सोडल्याचा निरोप अधिकृत वाटेनं येतो: त्या राज्याचं पाटबंधारे खातं, तिथला जिल्हाधिकारी, इथला जिल्हाधिकारी, तहसीलदार, तलाठी, मग गावात दवंडी किंवा गाडीवरचा भोंगा. त्याआधी आमच्या घरी मुरगूडच्या मावशीचा फोन येतो. "पाणी पायरीला लागलंय गं, जनावरं वर काढा." कागल, मुरगूड, गडहिंग्लज आणि निपाणी, चिक्कोडी, संकेश्वर यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या सोयरिकी आहेत. ज्या घरी मुलगी दिली ते घर नदीच्या वरच्या अंगाला असेल, तर तेच आपलं पूर-इशारा केंद्र. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी, ३९ फूट इशारा आणि ४३ फूट धोका, पंचगंगेची. तिचा आमच्या वेदगंगेशी थेट संबंध नाही, तरी निपाणी भागात ती प्रत्येकाला पाठ असते. पश्चिमेला किती पडतंय याचा अंदाज त्यावरून लागतो. मी हे कौतुक म्हणून सांगत नाही. सरकारी निरोपाच्या आधी मावशीचा फोन पोचतो, याचा अर्थ माहिती उपलब्ध आहे आणि तिची वाट मात्र चुकीच्या ठिकाणाहून आखली आहे.

दोन्ही सरकारं काहीच करत नाहीत असं नाही. २०२१ च्या जूनमध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे जलसंपदामंत्री जयंत पाटील बंगळुरात मुख्यमंत्री येडियुरप्पांना भेटले, धरणांची आणि नद्यांची माहिती एकमेकांना वेळच्या वेळी द्यायचं ठरलं. महिन्याभरातच जुलैचा पूर आला. कर्नाटकात राज्य आपत्ती निरीक्षण केंद्राची पर्जन्यमापकं ग्रामपंचायतीपर्यंत पोचली आहेत, हे फार मोठं काम आहे. महाराष्ट्रात महसूल मंडळापर्यंत हवामान केंद्रं आहेत. एकाच ढगाचा पाऊस इकडं पंचायतीच्या मापानं नोंदला जातो आणि तिकडं मंडळाच्या. हे दोन्ही आकडे एका पडद्यावर, एका खोऱ्याच्या नकाशावर, मराठीत आणि कन्नडात गावच्या माणसाला दिसले तर काय होईल याचा विचार करून बघा.

पण खोरं म्हणून विचार करायची आपल्या कायद्याला सवय नाही. पाणी वाटायला कायदा आहे. १९५६ चा आंतरराज्य जलविवाद कायदा, त्याखाली लवाद. त्याच वर्षी नदी मंडळांचाही कायदा झाला, राज्यांनी एकत्र बसून नदीचं नियोजन करावं म्हणून. तो जवळपास वापरलाच गेला नाही. बच्छावत लवादानं कृष्णेचं पाणी वाटलं ते १८९४ ते १९७२ या ७८ वर्षांच्या नोंदींवर: चारपैकी तीन वर्षं मिळेलच असं २०६० टीएमसी (अब्ज घनफूट), त्यात महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्राला ८००. दुसऱ्या लवादानं १९६१ ते २००८ च्या ४७ वर्षांच्या नोंदी घेतल्या. दोन्ही निवाड्यांमागं अफाट अभ्यास आहे. पण दोन्हींचं गृहीतक एकच, की नदी पुढं जशी वागणार ते ती मागं जशी वागली त्यावरून कळतं. आणि पुराचा वाटा कुणाला किती, हा प्रश्न लवादापुढं त्या रूपात येतच नाही. टंचाईचं पाणी सगळ्यांना हवं असतं, म्हणून त्यासाठी कोर्ट आहे. पुराचं पाणी कुणालाच नको असतं आणि त्यासाठी कुणाकडं जायचं ते ठरलेलं नाही.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या आलमट्टी धरणाचा वाद यातलाच. धरण आज ५१९.६० मीटरपर्यंत भरतात, लवादानं ५२४.२५६ मीटरपर्यंत परवानगी दिली आहे. महाराष्ट्राचं म्हणणं, उंची वाढली तर सांगली-कोल्हापूर बुडेल. कर्नाटकाचं म्हणणं, आमच्या हक्काचं पाणी आम्ही साठवणार. २०१९ च्या पुरानंतर महाराष्ट्रानंच नेमलेल्या वडनेरे समितीनं त्या पुराला आलमट्टी कारणीभूत नव्हती असा निष्कर्ष काढला, तो सांगली-कोल्हापुरात पुष्कळांना पटलेला नाही. या सगळ्यात चिक्कोडी, रायबाग, कागवाड, अथणीचा नदीकाठ कुठं बसतो? तो कोयनेच्या खाली आणि आलमट्टीच्या वर आहे. वरून सोडलेलं पाणी आधी त्याच्या अंगावर येतं आणि खाली तुंबलं तर तेही त्याच्याच अंगावर. त्याचं हित राज्याच्या वकिलाच्या युक्तिवादात पूर्ण मावत नाही, कुठल्याच राज्याच्या. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि त्याबद्दलच्या माझ्या भावना सीमाभागातल्या कुठल्याही मराठी माणसाच्या असतात तशाच आहेत. पण त्याचा निकाल कसाही लागो, पुढच्या जुलैत ही नदी याच वाटेनं येणार आहे.

२०१९ हे वर्ष मला सगळ्यांत जास्त बोलकं वाटतं. त्या वर्षी मे महिन्यात अथणी-कागवाडकडं कृष्णा कोरडी पडली होती. पात्रात खड्डे काढून पाणी भरत होते. कर्नाटक महाराष्ट्राकडं कोयनेचं पाणी सोडा म्हणून विनंती करत होतं, महाराष्ट्र त्याबदल्यात जतच्या दुष्काळी गावांसाठी पाणी मागत होतं. बोलणी लांबली. आणि ऑगस्टमध्ये त्याच गावांतून लोकांना होडीनं बाहेर काढावं लागलं. त्या वर्षाचा एकूण पाऊस मांडला तर तो सरासरीहून जास्त भरतो, आणि टँकरच्या रांगेत गेलेला उन्हाळा त्या बेरजेत कुठं दिसत नाही.

तारखांचंही तसंच झालं आहे. मान्सून केरळात १ जूनला येतो असं आपण शाळेत शिकलो आणि मी मुलांना तसंच शिकवलं. २०२३ ला तो ८ जूनला आला, मग इतका रेंगाळला की राकसकोप जलाशयाचा तळ दिसू लागला आणि बेळगाव शहर धास्तावलं. २०२५ ला २४ मे रोजीच आला. त्या मेमध्ये आमच्याकडं धूळवाफ पेरणी, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली पेरणी, करायलाच मिळाली नाही. जमीन वाफशावर येईपर्यंत पुढचा पाऊस हजर. नदीवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढायचे असतात, नाहीतर पाणी अडून बाजूच्या उसात पसरतं आणि काठ कापत नेतं. बरगे काढायची तारीख ठरते जुन्या मृगाच्या हिशोबानं. त्याचं टेंडर, त्याचे मजूर, त्याची मंजुरी सगळं त्याच हिशोबानं. पाऊस दोन आठवडे आधी आला तर ही साखळी दोन आठवडे आधी हलत नाही. आमचे आण्णा मिरगाच्या आधी आभाळ बघून ठरवायचे. खात्याला आभाळ बघून ठरवायची मुभा नाही, आणि मला वाटतं ती द्यायला हवी. खालच्या अभियंत्याला अंदाज बघून पंधरा दिवस आधी खर्च करायचा अधिकार देणं, हे धोरणातलं लहानसं वाक्य आहे. पण त्याला कुणीतरी वरून सही करावी लागते आणि पाऊस नाही आला तर उलट तपासणी होणार नाही याची हमी द्यावी लागते.

भरपाईचा पैसा नेहमी नुकसानीनंतर येतो, आणि उशिरा येतो. राज्य आपत्ती निधीच्या २०२२ ते २०२६ च्या निकषात तेहतीस टक्के किंवा त्याहून जास्त पीक गेलं तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बारमाही पिकाला २२,५०० होते, आणि तेही दोन हेक्टरांपर्यंत. कर्नाटकानं २०२१ साली स्वतःची भर घालून कोरडवाहूला १३,६०० आणि बागायतीला २५,००० दिले, ते त्या वेळी खरोखर उपयोगी पडले. २०२३ च्या दुष्काळात राज्यातले २३६ पैकी २२३ तालुके दुष्काळी जाहीर झाले. राज्यानं केंद्राकडं १८,१७१ कोटी मागितले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि एप्रिल २०२४ मध्ये ३,४५४ कोटी मिळाले. कोण बरोबर, कोण चूक यात मी जात नाही. खरिपात करपलेल्या ज्वारीचा निर्णय पुढच्या उन्हाळ्यात, दिल्लीच्या न्यायालयात व्हावा लागला, हे मला पुरेसं वाईट वाटतं. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मिळालेला दोन गुंठ्यांचा तरवा जानेवारीत खात्यावर जमा झालेल्या रकमेपेक्षा कितीतरी मोलाचा असतो. तरव्यासाठी मात्र कुठल्याच निधीत रकाना नाही.

घरांचंही असंच. आमच्या भागात जुनी घरं मातीच्या भिंतींची. पूर असताना ती उभी राहतात. पाणी ओसरतं, चार दिवस कडक ऊन पडतं, भिजलेली भिंत आतून सुकायला लागते आणि मग रात्री अचानक बसते. तोवर पंचनामा होऊन गेलेला असतो. २०१९ ला पूर्ण पडलेल्या घराला पाच लाख ही फार मोठी मदत होती, पण "पूर्ण पडलेलं" कुठल्या दिवशी मोजायचं यावरून गावागावात भावाभावांची तोंडं फिरली. गाव उठवून उंचावर न्यायचं तर त्याचाही अनुभव आहे. २००९ च्या पुरानंतर उत्तर कर्नाटकात 'आसरे' योजनेतून नवी घरं बांधली, त्यातली कितीतरी रिकामी राहिली. शेत लांब, जनावरं बांधायला जागा नाही, पाण्याची सोय अपुरी. घर बांधताना बाईला विचारलं असतं तर तिनं पहिल्या दिवशीच गोठा कुठं, असं विचारलं असतं.

आणि ऊस. जिल्ह्यात वीसहून जास्त साखर कारखाने आहेत. शेती खातं सांगतं पाणी कमी लागणारी पिकं घ्या, ज्वारी-नाचणी घ्या. ऊर्जा धोरण सांगतं पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल हवं. उसाला ठरलेला दर आहे, ठरलेलं गिऱ्हाईक आहे, आणि तो पाण्यात काही दिवस तग धरतो. माझा भाऊ ऊस लावतो तो हट्टानं नाही, दोन्ही बाजूंचा धोका त्यातच कमी आहे म्हणून. नाचणीला तसा दर आणि तसं गिऱ्हाईक द्या, मग सल्ला द्या.

आपल्याकडं शहाणपण नाही असं मला कधीच वाटलं नाही. १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं, तेव्हा पाण्यासाठी टिळकवाडीत मोठी विहीर खोदली. ती आजही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. पुढं नळ आले आणि शहरातल्या असल्या विहिरी कचऱ्यानं भरल्या. १९९५ च्या टंचाईत शहरातल्या जाणकार मंडळींनी आणि पालिकेनं मिळून त्या शोधल्या, उपसल्या आणि पुन्हा वापरात आणल्या. कुठला मोठा आराखडा नव्हता. कोणत्या गल्लीत कुठली विहीर कधीच आटली नव्हती हे म्हाताऱ्यांना माहीत होतं, आणि त्यांना कुणीतरी विचारलं.

विचारायचं तर ज्या भाषेत उत्तर येईल त्या भाषेत विचारावं लागतं. पुराची सूचना, विम्याचा अर्ज, पंचनाम्याची नोटीस माहेरी कन्नडात येते. तरुण पोरं वाचतात, माझ्या आईला वाचता येत नाही. कन्नडबद्दल माझ्या मनात काही किंतु नाही, ती माझ्या शेजाऱ्यांची आणि माझ्या सुनेची भाषा आहे. पण जीव वाचवणारा निरोप दोन्ही भाषांत असावा, ही मागणी राजकारणाची मानली जाऊ नये. अथणीच्या कन्नड शेतकऱ्याला सांगलीच्या धरणाची माहिती कन्नडात मिळावी, हीसुद्धा तीच मागणी आहे.

मला जे हवं आहे ते फार मोठं नाही. कागल, निपाणी, चिक्कोडी, शिरोळ या तालुक्यांचे तहसीलदार आणि पाटबंधाऱ्यांचे अभियंते एप्रिलअखेर एका ठिकाणी बसावेत, सोबत नदीकाठच्या प्रत्येक गावातून एक पुरुष आणि एक बाई. बरगे कधी काढायचे, कुठल्या पुलाला किती पाणी आलं की कुणी कुणाला फोन करायचा, जनावरं कुठल्या माळावर न्यायची, हे तिथं ठरावं आणि दोन्ही भाषांत छापून शाळेच्या भिंतीवर लागावं. यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन जिल्हाधिकाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेलं एक पत्र पुरतं. आणि बळ्ळारी नाल्यासाठी, उगमापासून शेवटपर्यंत, एकच जबाबदार अधिकारी नेमावा, हद्द कुणाचीही असो. वडगाव-शहापूरच्या शेतकऱ्यांचं या आशयाचं निवेदन आम्ही लिहितो आहोत. पहिली मागणी नाल्याची, दुसरी वरच्या बाजूला सार्वजनिक जागेत सामायिक तरव्यासाठी काही गुंठ्यांची. येळ्ळूर, अनगोळ आणि हलग्याच्या बाजूचे कुणी हे वाचत असाल तर तुमच्या शिवारातलं पाणी कुठं आणि किती दिवस उभं राहतं ते गट नंबरासह लिहून पाठवा. मेच्या आधी ते द्यायचं आहे.